जिप्सीचा पुढचा एक्सल दर पावसाळ्यात तुटतोय? मोठा एक्सल शोधायच्या आधी तुटलेला तुकडा नीट बघा

पाऊस लागला, मुळशी-पानशेत-वेल्ह्याकडची शेतं आणि ओढे भरले, की पुण्यातल्या जिप्सीवाल्यांचा एकच प्रश्न चालू होतो. पुढचा बर्फिल्ड (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा एक्सलच्या टोकाचा जॉइंट) परत गेला, आता कायमचं काहीतरी करायचंय, कुठला स्ट्राँग एक्सल टाकू? आणि उत्तरंही ठरलेली असतात, एक म्हणतो जुन्या जीपचा डाना एक्सल टाक, दुसरा म्हणतो बाहेरून क्रोमोली स्टीलचे शाफ्ट मागव, तिसरा म्हणतो विकून टाक आणि थार घे. पण नेमकं काय तुटलं, कुठल्या बाजूचं, गाडी तेव्हा काय करत होती, हे कोणी विचारतच नाही. मिस्त्री तुटलेला माल भंगारात टाकून मोकळा, नवीन जॉइंट आत, ग्रीस कोंबलं, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच खर्च परत. मी हे मुख्यतः जिप्सीबद्दल लिहितोय, जिम्नीलाही यातलं बरंच लागू पडतं कारण पुढचा एक्सल तिथेही रिजिडच आहे, फक्त पाट्यांऐवजी कॉइल आणि लिंक आहेत. थारवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय, त्यांचा मामला वेगळा आहे.

आधी ताकद कुठून कुठे जाते ते डोक्यात असू दे. ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला देणारी पेटी), प्रॉपेलर शाफ्ट, मग डिफ म्हणजे डिफरेन्शियलमधले पिनियन, क्राऊन आणि साइड गिअर, आतला शाफ्ट, बर्फिल्ड जॉइंट, बाहेरचा स्टब, लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारा-सोडणारा), मग चाक. या रांगेत जो सगळ्यात कमकुवत तो तुटणार. त्याला भक्कम केलं की लोड कमी होत नाही, तो फक्त पुढच्या कमकुवत पार्टवर जातो. म्हणजे बर्फिल्ड भारी टाकला की आतला शाफ्ट पिळणार, शाफ्टही भारी टाकला की क्राऊन-पिनियनचे दात जाणार, आणि दात गेले की तुकडे हाऊसिंगमध्ये फिरून सगळा डिफ खाणार. म्हणून एक्सल अपग्रेड करताना आधी हे ठरवा की ताण आला तर काय तुटलेलं तुम्हाला परवडेल. माझं विचाराल तर लॉकिंग हब तुटलेला सगळ्यात बरा, बाहेरूनच बोल्ट काढून बदलता येतो, ऑइल सांडत नाही, पावसात गाडीखाली झोपावं लागत नाही. त्यानंतर बर्फिल्ड. क्राऊन-पिनियन मात्र कधीच नको, ते जंगलात होणारं काम नाही आणि शहरातही नीट सेटिंग करून देणारा मिस्त्री सहज सापडत नाही.

आता तुकडा वाचायचा. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा की काहीही टाकायचं नाही, सगळं एका डब्यात हवं, छर्रे आणि केजचे तुकडे धरून. पेट्रोलने किंवा डिझेलने धुवा, पेपरवर मांडा आणि उजेडात बघा. बर्फिल्ड म्हणजे बाहेर एक कप, त्यात सहा खोबणी, आत स्टार, मध्ये केजमध्ये धरलेले सहा छर्रे. चाक सरळ असतं तेव्हा सगळे छर्रे कपात खोल बसलेले असतात, स्टिअरिंग जसं वळवाल तसे एका बाजूचे छर्रे कपाच्या तोंडाकडे सरकतात आणि फुल लॉकला तर अगदी काठावर येतात, तिथे कपाला मागून काही आधार नसतो. म्हणून कपाच्या तोंडाचा पाकळीसारखा तुकडा निघालेला दिसला तर समजायचं की हे फुल लॉकवर अॅक्सिलरेटर दिल्यामुळे झालंय. असं दिसलं तर मोठा एक्सल शोधण्याआधी स्टिअरिंगचे स्टॉपर बोल्ट बघा, त्यावर खाली बोलतो.

तुटलेली बाजू सगळीकडे सारखी चकचकीत करडी, दाणेदार असेल तर एकाच झटक्यात गेलंय. पण त्यात एका कोपऱ्यात काळपट किंवा गंजलेला पट्टा दिसला आणि बाकीचा भाग ताजा असेल, तर क्रॅक आधीपासून होती, महिनोन्महिने तशीच चालवली आणि त्या दिवशी फक्त निमित्त झालं. बारकाईने बघितलं तर अशा पट्ट्यावर एकामागे एक वाकड्या रेघा दिसतात, तिथे क्रॅक थोडी थोडी पुढे सरकत गेलेली असते. छर्रे आणि खोबणीत बारीक खड्डे असतील, त्यात लालसर गंज असेल, तर पाणी शिरलंय. निळसर-जांभळा रंग आला असेल तर जॉइंट कोरडा फिरून तापलाय. आणि आतल्या शाफ्टचे स्प्लाइन (टोकाचे लांबट दाते) सरळ आहेत की किंचित पिळलेत ते सगळ्यात आधी बघा, स्टीलची पट्टी स्प्लाइनला लावली की लगेच कळतं. पिळलेले असतील तर शाफ्टने त्याची मर्यादा ओलांडलीय, तो तुटला नसला तरी परत घालायचा नाही, मिस्त्री कितीही म्हणू दे 'अजून दोन वर्ष जाईल साहेब'.

माझ्या बघण्यातल्या जिप्सींपैकी बऱ्याच गाड्यांत एक्सल कमी ताकदीचा होता म्हणून नाही, तर नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) आतली अवस्था भयाण होती म्हणून जॉइंट गेले होते. हा भाग नीट वाचा कारण इथे पैसे कमी लागतात. जिप्सीचा नकल बंद प्रकारचा असतो, बाहेर तो गुळगुळीत गोळा दिसतो ना, त्याच्या आत बर्फिल्ड असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं. एक्सलच्या नळीच्या टोकाला आतून एक ऑइल सील असतं, ते डिफचं ऑइल डिफमध्ये ठेवतं. ते सील गेलं की डिफचं ईपी ९० ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होऊन काळा रस होतो, आणि गोळ्याच्या मागच्या वायपर सीलमधून ओघळून टायरच्या आतल्या बाजूला लागतो. लोक म्हणतात अरे ग्रीस बाहेर येतंय म्हणजे भरपूर आहे, छान. छान काही नाही, जॉइंटला आता ग्रीस उरलेलंच नाही आणि तिकडे डिफचं ऑइलही कमी झालंय.

उलट बाजूने पाणी. वायपर सील आणि फेल्ट जुने झाले की ओढ्यातलं पाणी आत जातं, ग्रीस दुधाळ चहासारखं होतं. आणि यात ब्रीदर हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट, हाऊसिंगवरचा तो छोटा नॉझल. तो चिखलाने बंद झाला की गरम झालेल्या एक्सलमधली हवा बाहेर जायला जागा नसते, दाब वाढतो आणि सील ढकलून ऑइल बाहेर काढतो. मग तोच गरम एक्सल तुम्ही थंड ओढ्यात घातला की आतली हवा आकसते आणि कुठून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. उपाय म्हणजे ब्रीदरला साधी रबर नळी लावून ती बॉनेटच्या आत उंचावर नेऊन बांधायची आणि टोकाला छोटा फिल्टर. दुपारभराचं काम आहे आणि नवीन एक्सलच्या तुलनेत फुकटच म्हणा. ग्रीस भरताना मात्र साधं चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस नको, मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस हवं, जॉइंटच्या आत बोटाने दाबून दाबून, छर्र्यांच्या मागे जाईपर्यंत.

सील नवीन टाकूनही परत गळतंय असं असेल तर पुढचा संशय हाऊसिंगवर. जिप्सीचं पुढचं हाऊसिंग पत्र्याचं दाबून केलेलं आहे, हलकं आहे, आणि दोन-चार वेळा उडी मारली, बांधावरून आपटली की मध्ये किंचित वाकतं. वाकलं की शाफ्ट सीलच्या मध्यातून जात नाही, एका बाजूला घासतो, सील एका बाजूने झिजतं, साइड गिअरमध्ये स्प्लाइनवर तिरका लोड येतो, आणि मग एकाच बाजूचा पार्ट परत परत जातो. तुमचा नेहमी डावाच जातो, उजवा कधीच नाही, असं असेल तर हे आधी तपासा. पुढची दोन्ही चाकं सरळ ठेवून, सपाट जमिनीवर, दोन टायरमधलं अंतर एकदा वरच्या काठाला आणि एकदा खालच्या काठाला टेपने मोजा, वर कमी आणि खाली जास्त येत असेल तर हाऊसिंग वाकल्याचा संशय धरा, मग किंगपिन बेअरिंगही (नकल ज्यावर वळतो ते) बघा. पक्कं करायचं तर हाऊसिंग उतरवून मोठ्या लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावावा लागतो. वाकलेल्या हाऊसिंगमध्ये जगातला भारीतला भारी शाफ्ट टाका, तो जाणारच.

आवाजावरून तपासायचं असेल तर हे करा. मोकळ्या मातीच्या मैदानात, डांबरावर नाही, हब लॉक करून फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद) हळू गोल गोल फिरवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. कट-कट-कट असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर बर्फिल्ड. मग हब मोकळे करून टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) तसंच फिरवा. आवाज पूर्ण गेला तर जॉइंटच, आवाज तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग, आणि यासाठी एक्सलच्या कुठल्याच अपग्रेडची गरज नाही. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथर करून हातातून सुटायला बघतं, ते पण बहुतेक वेळा किंगपिनचं प्रीलोड ढिलं झाल्याचं लक्षण असतं, शिम काढून घट्ट करायचं काम आहे, स्प्रिंग काट्याने ओढून मोजतात.

डांबराचं म्हटलं कारण पुण्यातलाच एक प्रकार. पावसात सिंहगडाच्या घाटात किंवा ताम्हिणीत रस्ता ओला आहे म्हणून लोक फोर हाय टाकून खुशाल वर चढतात, ग्रिप मिळते म्हणे. जिप्सी पार्ट टाइम आहे हो, मध्ये सेंटर डिफ नाही. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत टायर घसरून तो फरक निघून जातो, पण डांबराला ओलं असतानाही बरीच पकड असते त्यामुळे तो पीळ शाफ्ट आणि जॉइंटमध्ये साठत राहतो. घाटातली ती हेअरपिन वळणं फोर हायमध्ये घेणं म्हणजे बर्फिल्डला क्रॅक पडायची सोय करून ठेवणं, मग तुटतो तो पुढच्या रविवारी चिखलात आणि दोष चिखलाला.

स्टॉपर बोल्टचं काम फुकट आहे. नकलवर एक बोल्ट असतो जो फुल लॉक किती असेल ते ठरवतो. पुष्कळ गाड्यांत तो कोणीतरी आत पिळून टाकलेला असतो, टर्निंग कमी जागेत व्हावं म्हणून, किंवा पार गायबच. तो थोडा बाहेर काढला की यू-टर्नला जागा जास्त लागेल, लक्ष्मी रोडला शिव्या बसतील, पण छर्रे कपाच्या काठापर्यंत जाणार नाहीत. आणि चालवताना सवय एवढीच की चाक अडकलंय आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलंय अशा वेळी पाय उचलायचा, स्टिअरिंग थोडं सरळ करायचं, मग दाबायचं. चाक उड्या मारायला लागलं, धाड-धाड असं, तर लगेच सोडायचं, कारण चाक हवेत फिरून जमिनीवर आपटतं तो झटका इंजिनच्या टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा असतो. टायरमधली हवा कमी केली की अर्ध्या वेळा एवढा जोर लावायची वेळच येत नाही.

हे सगळं केलं, तरी तुटतंय, मग अपग्रेडचा विषय. इथे सगळ्यात आधी टायर बघायचा.

कंपनीचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिमी उंच. २३५/७५ आर १५ टाकला की ७३३ मिमीच्या आसपास, म्हणजे चाकाला तेवढाच ढकलायचा जोर द्यायचा तर शाफ्टवर जवळजवळ १० टक्के जास्त टॉर्क. ३१ इंची टाकला, ७८७ मिमी, की १८ टक्के जास्त. हा फक्त उंचीचा हिशोब झाला, मोठ्या टायरचं वजन आणि जास्तीची पकड यात धरलेली नाही आणि खरं नुकसान पकडीने होतं, कारण टायर घसरला तर शाफ्ट वाचतो. त्यात पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणारं डिफचं कुलूप) टाकला की गणितच बदलतं. ओपन डिफमध्ये दोन्ही बाजूला सारखा टॉर्क जातो, एक चाक हवेत फिरत असेल तर दुसऱ्यालाही तेवढाच कमी मिळतो, म्हणजे एक प्रकारे शाफ्टचं संरक्षणच. लॉकर लावल्यावर एक चाक हवेत आणि दुसरं दगडात अडकलेलं असेल तर एक्सलचा सगळा टॉर्क त्या एका शाफ्टमधून जातो. म्हणून पुढे लॉकर टाकायचा विचार असेल तर शाफ्ट आणि जॉइंट आधी, लॉकर नंतर, उलट क्रमाने करू नका.

शाफ्टच्या जाडीचं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १० टक्के जाड शाफ्ट म्हणजे ३३ टक्के जास्त ताकद, २६ मिमीचा ३० केला तर जवळपास ५४ टक्के. मोठ्या एक्सलचा खरा फायदा हाच आहे. पण जिप्सीच्या हाऊसिंगमध्ये, त्याच स्प्लाइनला, जाडी वाढवायला फारशी जागा नसते, म्हणून मग मटेरियल बदलायचं, क्रोमोली.

क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील. बाहेरच्या किटवर ४३४० लिहिलेलं असतं, त्यात निकेलही असतं, आपल्याकडे भोसरी एमआयडीसीत त्याच्या जवळचा ग्रेड ईएन २४ म्हणून मिळतो. ईएन १९ म्हणजे साधारण ४१४०, तोही ठीक. आणि ईएन ८ म्हणजे साधं मध्यम कार्बनचं स्टील, बोल्ट आणि पिनांना चांगलं. लेथवाल्याकडे शाफ्ट करून घ्यायला गेलात की पहिलं वाक्य हेच, 'ईएन ८ मध्ये टाकून देतो ना दादा, हार्ड करून घेऊ, काय फरक पडतोय.' फरक पडतो. आणि दुसरा घोळ हार्डनिंगचा. शाफ्ट जितका कडक तितका चांगला असं डोक्यात असतं, मग तो पूर्ण हार्ड करून टेंपर नीट न करता देतात, असा शाफ्ट पहिल्या झटक्यात काचेसारखा तुटतो. चांगला एक्सल शाफ्ट आतून चिवट हवा, तुटण्याआधी थोडा पिळायला हवा. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट ट्रीटमेंटनंतरची हार्डनेस रीडिंग दोन्ही मागा, भोसरी-चाकणमध्ये कंपन्यांची कामं करणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना हे कागद देणं रोजचं आहे, दिला नाही तर समजून जा. स्प्लाइन जिथे संपतात आणि शाफ्टची जाडी बदलते तिथे गोलाई हवी, धारदार पायरी नको, क्रॅक तिथूनच सुरू होते.

शाफ्ट एकवेळ लोकल होईल, बर्फिल्डचा कप आणि स्टार मात्र लोकलला करायला जाऊ नका. त्या खोबणीचा आकार, केजचं फिटिंग, हे साध्या लेथचं काम नाही. गंमत बघा, मुंढव्याच्या भारत फोर्जमधून फ्रंट एक्सल बीम आणि क्रँकशाफ्ट जगभर जातात आणि आपण एका जोडीसाठी बाहेरून पार्सलची वाट बघत बसतो. बाहेरून किट मागवताना सगळ्यात मोठी काळजी म्हणजे तिकडचा सुझुकी सामुराई आणि आपली जिप्सी भाऊ असले तरी जुळे नाहीत. जुन्या जिप्सीचा ट्रॅक अरुंद, नंतर वाइड ट्रॅक आली, शाफ्टची लांबी वेगळी. शाफ्ट उतरवून लांबी मोजा, दोन्ही टोकाचे स्प्लाइन स्वतः मोजा, डावा-उजवा वेगळा मोजा कारण डिफ मध्यावर नसतो, मग ऑर्डर द्या. गाडीच्या आरसी बुकवरचं वर्ष बघून ऑर्डर देऊ नका, एवढ्या वर्षांत कोणी कुठला एक्सल खाली टाकलाय ते देवाला माहीत.

आता अख्खा एक्सल बदलायचा मामला. नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत, ओळखीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंत, की जुन्या महिंद्रा जीपचा एक्सल मिळून जातो. लोकांना तो आवडायचं एक कारण म्हणजे पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचं माप), जिप्सी आणि जुनी जीप दोघांचाही ५ बाय १३९.७ मिमी, म्हणजे व्हील अडॅप्टर लागत नाही, फक्त मधलं भोक बसतंय का बघायचं. पण लोक 'डाना' एवढंच ऐकून उड्या मारतात. डाना हे घराणं आहे, त्यात २५ पण आहे आणि ६० पण आहे. विलीज सीजे ३बी ला पुढे डाना २५ होता, बंद नकलवाला, तो काही जिप्सीच्या एक्सलपेक्षा स्वर्गातला नाही. डाना ३० चा क्राऊन ७ इंचाच्या थोडा वर, डाना ४४ चा साधारण साडेआठ इंच, डाना ६० चा पावणेदहा. विक्रेता '४४ आहे' म्हणाला तरी हाऊसिंगवरचा उठावाचा नंबर बघा, क्राऊनचा व्यास मोजा, आणि क्राऊन-पिनियनचे दात मोजून रेशो काढा.

रेशोवरच बहुतेक प्लॅन फसतात. जुन्या जीपला ५.३८ असायचा, म्हणजे पुढे तो टाकला की मागेही तोच हवा, नाहीतर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने पळणार आणि फोर लो टाकल्यावर काहीतरी तुटणारच. म्हणजे एक एक्सल घ्यायला गेलात ते दोन घेऊन आलात. शिवाय पुढचा डिफ उजवीकडे आहे की डावीकडे, ते ट्रान्स्फर केसच्या आउटपुटशी जुळायला हवं. पाट्या बसतात ते पर्च नवीन जागी वेल्ड करायचे, ते करताना कॅस्टर अँगल (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) चुकला की गाडी ८० च्या वर रस्त्यावर भटकते, लांब शॅकल टाकून लिफ्ट केलेल्या गाड्यांत तो आधीच कमी झालेला असतो. ब्रेक, स्टिअरिंग रॉड, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, सगळं नवीन. आणि वजन. जिप्सीची मजा तिच्या हलकेपणात आहे, चिखलात थार बुडते तिथून जिप्सी तरंगत जाते, त्या गाडीखाली जड लोखंड लटकवलं आणि खाली मोठा डिफ लोंबला की तोच डिफ दगडाला आधी लागणार. २३५ टायर आणि फक्त मागे लॉकर असलेल्या गाडीला एक्सल स्वॅप मी तरी कधीच सुचवणार नाही. ३१ किंवा वर, पुढे-मागे लॉकर, आणि दगडी ओढ्यात खरंच चालवणार असाल, तेव्हा स्वॅपला अर्थ आहे.

या दोघांच्या मधला एक पर्याय म्हणजे ओरिजिनल हाऊसिंगलाच वरून ट्रस (आधाराचा सांगाडा) आणि गोळ्याजवळ गसेट (कोपऱ्याच्या आधारपट्ट्या) वेल्ड करणं. चांगला उपाय आहे, करणारा धीराचा हवा. एकाच दमात लांब वेल्ड मारला की हाऊसिंग उष्णतेने वाकतं, म्हणजे वाकू नये म्हणून केलेल्या कामानेच वाकवून ठेवलं. दोन-दोन इंचाचे टाके, एक डावीकडे एक उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, पाण्याचा फडका मारून नाही, आपोआप. आतली सीलं आधी काढून ठेवायची. संपल्यावर परत सेंटरमध्ये धरून डायलने तपासायचं. वेल्डिंगवाला म्हणाला तासाभरात देतो तर तिथून निघा.

जिम्नीवाल्यांना एवढंच की वरचं ग्रीस, सील, ब्रीदर, टायरचं गणित तसंच. पण गाडीत एबीएस, ईएसपी आणि ब्रेकने चालणारा लिमिटेड स्लिप आहे, नकलवर सेन्सर आहेत, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा एक्सल टाकायचं डोक्यातून काढा.

थार, जुनी सीआरडीई असो की २०२० नंतरची, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, रिजिड एक्सल नाही. तिथे सीव्ही (बर्फिल्डसारखंच काम करणारा जॉइंट) जाण्याचं कारण बरेचदा लिफ्ट किट निघतं. गाडी दोन इंच उचलली की सीव्ही उभ्या गाडीतच तिरका असतो, मग चाक खाली लटकलं आणि वळलं की अँगल संपतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, माती जाते, कट-कट सुरू. लिफ्ट थोडी कमी करा किंवा डिफ खाली घेणारे स्पेसर टाका, बूट दर ट्रिपनंतर बघा. सॉलिड एक्सल टाकायची हौस असेल तर आधी खालचं वाचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतल्या माहितीशी, म्हणजे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी, विसंगत बदल मालकाने करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलंय. १८२ए मध्ये प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला गाडीखाली वाकून बघणारच. जुन्याच्या जागी त्याच मापाचा मजबूत शाफ्ट टाकणं ही एक गोष्ट, अख्खा दुसऱ्या गाडीचा एक्सल ही दुसरी. स्वॅप केलेली गाडी ट्रेलरवर नेऊन खासगी ट्रॅकवर चालवणारे लोक आहेत, ते जास्त सुखात आहेत.

शेवटी सामान. काहीही टाकलंत, क्रोमोली असो की कंपनीचा, एक जुळवलेला शाफ्ट आणि बर्फिल्ड, आतलं सील, वायपर सील, मॉलिचं ग्रीस आणि हबचा मोठा पाना गाडीत असू द्या, आणि चाक, कॅलिपर, हब, स्पिंडल काढून शाफ्ट ओढायची प्रॅक्टिस घरी पार्किंगमध्ये एकदा करा, चिखलात पहिल्यांदा शिकू नका. क्राऊन-पिनियन नवीन बसवलं असेल तर दातांवर निळा रंग लावून पॅटर्न मिस्त्रीने तुमच्यासमोर दाखवायला हवा, पहिले काही दिवस गाडी दामटू नका, मध्ये मध्ये थांबून हाऊसिंगला हात लावून बघा किती तापतंय, आणि साधारण ५०० किलोमीटरला ऑइल बदला. ड्रेन बुचाला बारीक करडी पूड लागलेली चालेल, नखाला टोचेल असा कण मिळाला तर डिफ परत उघडायचा.